पात्राचे जग आणि कथेची चाल : ऊसतोडणीवरची एक कथा लिहिताना

एखाद्या विशिष्ट समाजातले, व्यवसायातले किंवा भागातले पात्र कथेच्या मध्यभागी आणायचे ठरवले की लेखकाला दोन ओढी जाणवू लागतात. त्या माणसाचे जगणे खरेपणाने आणि त्याच्यावर अन्याय न करता कागदावर यावे, ही पहिली. आणि पुढे काय होते या उत्सुकतेने वाचकाने पान उलटत राहावे, ही दुसरी. पहिल्या ओढीच्या आहारी गेलेली कथा चार-पाच पानांतच अहवालाचा सूर धरते, आणि दुसरीच्या आहारी गेलेल्या कथेत माणसे केवळ घटना पुढे सरकवण्यापुरती उरतात. या दोहोंत तडजोड करावी लागते असे लेखन-कार्यशाळांतून सहसा सांगितले जाते. माझे मत थोडे वेगळे आहे. पात्राच्या परिस्थितीतूनच निघालेला आणि त्याच परिस्थितीने अवघड करून ठेवलेला एक निर्णय लेखकाला सापडला, तर तो निर्णय कथानक पुढे नेतो आणि ते जगणेही दाखवतो. त्यासाठी वेगळी कसरत करावी लागत नाही. हे कसे साधायचे ते पाहण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत हाताळू या : बीड जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोडणीला जाणाऱ्या एका बाईची कथा.

आधी निर्णय शोधावा

‘ऊसतोड कामगारांचे जीवन’ हा लेखाचा विषय आहे. त्यातून कथा निघत नाही, कारण त्यात कोणाला काय हवे आहे आणि ते का मिळत नाही हे ठरलेले नसते. म्हणून सुरुवात एका व्यक्तीपासून आणि तिच्या एका इच्छेपासून करावी. आपल्या पात्राचे नाव मंदा ठेवू. ती धारूर तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात राहते. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर गाव सोडायचे आणि पाच-सहा महिन्यांनी परतायचे, हे तिचे वर्ष आहे. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि तोडलेल्या उसाच्या टनावर ती फेडत जायची, अशी ही व्यवस्था आहे. मंदाची मुलगी आठवीत आहे, मुलगा दीड वर्षाचा आहे, आणि सासूला डोळ्यांनी नीट दिसेनासे झाले आहे.

मंदाला मुलीची शाळा सुटू द्यायची नाही. आता तिच्यासमोर दोन मुकादम उभे करावेत. एकाची टोळी ट्रकवरची आहे. तो उचल जास्त देतो, पण ही टोळी एका गावाच्या शिवारातून दुसऱ्या गावाच्या शिवारात सतत हलत राहते. तिथे मुलीला नेले तर शाळा सुटलीच, आणि गावी ठेवले तर तिला सांभाळणारे माणूस म्हणजे अंधूक दिसणारी आजी. दुसरा मुकादम बैलगाडीवर काम देतो. बैलगाडीवाल्या कुटुंबांचा तळ बहुधा कारखान्याच्या आसपास एकाच जागी असतो, त्यामुळे जवळच्या शाळेत मुलीला पाठवण्याची थोडीतरी शक्यता राहते. पण बैल स्वतःचे लागतात, आणि मंदाच्या घरातला एक बैल मागच्या उन्हाळ्यात विकला गेलेला आहे.

इथे कथा सुरू झाली आहे. लक्षात घ्यावे की ट्रकवरची टोळी आणि बैलगाडीवरची टोळी यांतला फरक ही एरवी तळटीपेत जाणारी माहिती होती. आता ती पेच झाली आहे. निर्णय योग्य निवडला आहे की नाही हे तपासायला तीन गोष्टी पाहाव्यात. दोन्ही पर्यायांत पात्राचे काही ना काही जात असले पाहिजे. निर्णयाचा थोडा तरी भाग तिच्या हातात असला पाहिजे; नवरा आणि मुकादम यांनीच सगळे ठरवले आणि मंदा फक्त रडली, तर ती आपल्याच कथेत पाहुणी होते. आणि एकदा घेतलेला निर्णय सहजासहजी फिरवता येता कामा नये. उचल घेतलेला माणूस हंगाम संपेपर्यंत बांधलेला असतो, त्यामुळे या तिसऱ्या अटीची सोय व्यवस्थेनेच करून ठेवली आहे. कठोर व्यवस्थांमधून चांगल्या कथा निघतात त्याचे एक कारण हेही असावे, आणि लेखकाने या सोयीबद्दल थोडे संकोचून राहिलेले बरे.

माहिती कथेत कशी शिरते

नवशिक्या लेखकाची वही अशा विषयावर झपाट्याने भरते. कोपी म्हणजे तळावरची झोपडी कशी उभारतात, उसाचा वाळका पाला म्हणजे पाचट कसे काढतात, मोळी किती जड असते, वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे कोण विकते, गाडी रात्री भरायला आली तर किती वाजता उठावे लागते, हे सारे मोलाचे असते, आणि ते सगळेच कथेत घालण्याचा मोह होतो. त्यातून असा परिच्छेद तयार होतो :

‘ऊसतोड कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतात. ही उचल फिटली नाही तर ती पुढील वर्षाच्या हिशेबात धरली जाते. त्यामुळे अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे कर्जात राहतात. मंदाचे कुटुंबही त्याला अपवाद नव्हते.’

यातले एकही विधान चूक नाही, आणि तरीही हा परिच्छेद कथेतून काढून टाकावा. शेवटच्या वाक्यात मंदा एका मोठ्या विधानाचे उदाहरण म्हणून आली आहे, माणूस म्हणून नाही. तीच माहिती पुढील प्रकारे देता येते :

‘मुकादमाने नोटा मोजून नवऱ्याच्या हातात दिल्या. मंदाने त्या त्याच्याकडून घेतल्या आणि पुन्हा मोजल्या. मागच्या हंगामातले फिटायचे राहिले होते, ते त्याने आधीच कापून घेतले होते. “लेकराला कोपीवर कोण सांभाळणार?” त्याने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता उंबऱ्यात बसलेल्या पोरीकडे पाहिले.’

उचल, मागची बाकी, घरातल्या पैशावर मंदाची असलेली नजर आणि मुलीच्या श्रमावर मुकादमाने गृहीत धरलेला हक्क, एवढे सगळे या चार-पाच वाक्यांत आले आणि कशाचीही व्याख्या द्यावी लागली नाही. नियम सांगायचाच तर एवढाच : पात्राला ज्या क्षणी एखादी गोष्ट विचारात घ्यावी लागते, त्याच क्षणी ती वाचकाला कळावी. मंदाला उचल म्हणजे काय हे स्वतःला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून निवेदकानेही ते समजावू नये. एखादा शब्द शहरी वाचकाला पहिल्यांदा अडला तरी चालतो, कारण तो दुसऱ्यांदा येईपर्यंत प्रसंगाने त्याचा अर्थ सांगितलेला असतो. वहीतले जे तपशील कोणत्याही निर्णयाला धक्का देत नाहीत, ते वहीतच राहू द्यावेत. ते वाया जात नाहीत. पात्र कोठे बसेल, काय उचलेल, कशाकडे दुर्लक्ष करेल हे लेखकाला खात्रीने ठरवता येते ते त्यांच्याच आधारावर.

एक व्यावहारिक सूचना इथेच देऊन ठेवतो. मराठीत कथा बहुधा दिवाळी अंकासाठी लिहिली जाते, आणि अंकांचे मजकूर पावसाळ्यातच मागवले जातात. त्या वेळी शिवारात तोड नसते आणि कामगार आपापल्या गावी असतात. ज्याला फड, म्हणजे तोड चाललेले उसाचे शेत, डोळ्यांनी पाहायचा आहे त्याने आदल्या हिवाळ्यातच कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या कारखान्याच्या परिसरात जाऊन यावे. पावसाळ्यातली गावभेटही व्यर्थ नसते, कारण उचलीची बोलणी त्याच सुमारास चाललेली असतात आणि आपल्या कथेतला पेच तिथेच तर आहे.

कोणाच्या डोळ्यांनी

अशा कथांत एक शहरी निवेदक फार वेळा येतो. तो पत्रकार असतो, नव्याने रुजू झालेला शिक्षक असतो किंवा सर्वेक्षणाला आलेली विद्यार्थिनी असते. तो कोपीत बसून चहा पितो, हळहळतो आणि परततो. लेखकाला तो सोयीचा वाटतो, कारण लेखकाला जे ठाऊक नाही ते त्यालाही ठाऊक नसलेले चालते. परंतु त्याच्यामुळे कथेचा विषय नकळत बदलतो. मंदाच्या निर्णयाऐवजी निवेदकाची अस्वस्थता मध्यभागी येते, आणि मंदा त्या अस्वस्थतेचे निमित्त होऊन बसते.

असा निवेदक मुळीच वापरू नये असे मी म्हणणार नाही. त्याचे न कळणे हाच जर कथेचा गाभा असेल, म्हणजे समजा तोडणी कामगारांच्या मुलांसाठीच्या साखरशाळेत शिकवणारी एखादी शिक्षिका मंदाच्या मुलीला ‘वाचवायला’ निघाली आणि तिच्या एका तक्रारीमुळे कुटुंबाचे त्या हंगामातले कामच गेले, तर तो निवेदक आपली जागा कमावतो. एरवी मंदाच्या खांद्यामागून पाहणारे तृतीयपुरुषी निवेदन अधिक सुरक्षित असते. त्यात लेखकाने स्वतःवर एक बंधन घालून घ्यावे : मंदाच्या नजरेस जे विशेष वाटणार नाही त्याचे वर्णन करायचे नाही. पहाटेच्या थंडीत फडाकडे निघालेल्या बाईला धुक्याचे सौंदर्य दिसणारच नाही असे नाही, पण तिला आधी दिसेल ते भिजलेले पाचट, कारण ते हाताला कापते.

प्रथमपुरुषी निवेदन, म्हणजे मंदाच ‘मी’ म्हणून बोलते आहे, हा पर्याय सर्वांत अवघड आहे, आणि त्याचे कारण भाषेत आहे.

बोली किती आणि कोणासाठी

मराठी कथेतली रूढ पद्धत अशी की निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत. ती वाईट नाही. पण पात्रांपैकी फक्त गरीब माणसांनाच बोली दिली आणि मुकादम, डॉक्टर, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा चिटबॉय हे सगळे पुस्तकी मराठी बोलू लागले, तर कथेने काही न बोलता एक उतरंड मांडलेली असते. त्या परिसरातला मुकादमही बहुधा मंदासारखेच बोलतो. डॉक्टर बोलीतून प्रमाण भाषेकडे आणि परत बोलीकडे सरकत असेल, आणि तो कोणत्या क्षणी सरकतो हे दाखवता आले तर त्याच्या स्वभावावर वेगळा परिच्छेद खर्चावा लागत नाही.

दुसरी चूक म्हणजे कोणत्याही भागाची नसलेली ‘ग्रामीण’ भाषा. बीड-नगरच्या पट्ट्यात ‘मपलं’, ‘तुपलं’ ऐकू येते, मराठवाड्यात ‘कामून’ विचारले जाते. तिथल्या बाईच्या तोंडी वऱ्हाडातले ‘कायले’ किंवा कोल्हापूरकडचा ठसका आला की जाणता वाचक त्याच ओळीवर लेखकावरचा विश्वास गमावतो, आणि मग पुढची खरी माहितीही त्याला खोटी वाटू लागते. शब्दागणिक शुद्धलेखन मोडून बोली उमटत नाही. दोन-चार नेमके शब्द, क्रियापदाची ठेवण आणि वाक्य कोठे तुटते एवढे पकडले तरी कान त्या भागात जातो. टिपताना म्हणूनच शब्दांपेक्षा वाक्ये टिपावीत : माणसे नकार कसा देतात, हिशेब कसा मांडतात, थट्टा कशी करतात. थट्टेकडे तर विशेष लक्ष द्यावे. कष्टकऱ्यांवरच्या कितीतरी कथांत पात्रे पूर्ण पंचवीस पानांत एकदाही हसत नाहीत, आणि ज्याने टोळीबरोबर अर्धा दिवसही काढला आहे त्याला हे हास्यास्पद वाटते.

एकाच्या डोक्यावर सगळ्यांचे ओझे देऊ नये

एखाद्या समाजातले किंवा व्यवसायातले एकच पात्र कथेत असले की वाचक त्याला त्या सर्वांचा प्रतिनिधी समजतो. मग मंदाने खोटे बोललेले चालत नाही, कारण ‘ऊसतोड बाया खोटारड्या असतात’ असा अर्थ निघेल अशी लेखकाला धास्ती वाटते. आणि त्या धास्तीपोटी मंदा इतकी सोशिक आणि सज्जन होते की तिच्यात कोणाला रस उरत नाही. उपाय सोपा आहे : तिच्यासारख्या आणखी दोन-तीन बायका टोळीत आणाव्यात आणि त्यांचे एकमेकींशी पटू देऊ नये. एकीने मुलीचे लग्न लवकर उरकले आहे, आणि त्यामागे तिची अशी भीती आहे जी मंदालाही खोडता येत नाही, कारण कोपीला दार नसते आणि आई-बाप दिवसभर फडात असतात. दुसरी हिशेबात तरबेज आहे आणि पुढच्या वर्षी स्वतःच टोळी धरण्याच्या गोष्टी करते. असे झाले की मंदाला चुकण्याची मोकळीक मिळते. तिने बैलासाठी जावेचे डोरले न विचारता गहाण ठेवले, तर तो दोष तिचा एकटीचा राहतो, आणि कथा एकदम वेग घेते.

हाच न्याय मुकादमालाही लावावा. तो अनेकदा त्याच गावचा, क्वचित नात्यातला, आणि पूर्वी स्वतः कोयता चालवलेला असा माणूस असतो. कारखान्याकडून त्याने घेतलेल्या रकमेची जबाबदारी त्याच्यावर असते, आणि उचल घेऊन एखादे कुटुंब पळाले तर तो गोत्यात येतो. हे दाखवल्याने त्याची दांडगाई सौम्य होत नाही. उलट ती कोठून येते हे दिसल्याने ती अधिक खरी वाटते.

जातीविषयी बोलणे इथे टाळता येणार नाही. तोडणीला जाणाऱ्यांत वंजारी, मराठा, बंजारा, मातंग, बौद्ध अशा अनेक समाजांची माणसे असतात. मंदाची जात कथेत उच्चारावी की नाही हे प्रसंगावर सोपवावे, परंतु लेखकाला ती ठाऊक असलीच पाहिजे, कारण गावात तिचे घर कोठे आहे, ती कोणाच्या घरी आत जाते आणि अडचणीत बैल कोणाकडे मागू शकते, हे त्यावर ठरते. जात न ठरवता लिहिलेले खेडे वाचताना कोठेच नसल्यासारखे वाटते.

पूर्वग्रहाकडून उचल घेऊ नये

समजा कथेत मध्यावर कोपीतून पैसे चोरीला जातात, संशयासाठी एक माणूस हवा आहे, आणि लेखकाने जवळच उतरलेल्या एका पारधी कुटुंबाकडे बोट दाखवले. वाचक एकही पुरावा न मागता हा संशय स्वीकारतो. हीच धोक्याची खूण आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि या जमातींना विमुक्त म्हटले जाऊ लागले, पण त्याने पसरवलेला समज अजून गेलेला नाही. लेखकाने जे काम कथानकाने करायला हवे होते ते त्या समजाकडून करून घेतले. ही पूर्वग्रहाकडून घेतलेली उचलच झाली, आणि ती पात्राच्या खाती फिटत राहते. शेवटी तो माणूस निर्दोष निघाला म्हणून हिशेब चुकता होत नाही, कारण तोपर्यंतच्या पानांतला ताण त्याच्या जमातीच्या बदनामीवरच पोसलेला असतो. संशय हवा असेल तर तो वर्तनातून निर्माण करावा : कोण रात्री उठले होते, कोणाकडे अचानक नवे बूट आले, पैसे कोठे ठेवले आहेत हे कोणाला माहीत होते. थोडी जास्त मेहनत पडते, पण कथानक घट्ट होते. साच्यातली पात्रे अन्यायकारक असतात हे तर आहेच. ती आळशी कारागिरीचेही लक्षण असतात, आणि लेखकाला हे दुसरे कारण अधिक लवकर पटते असा माझा अनुभव आहे.

सगळी दुःखे एका कथेत नकोत

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली आणि राज्य सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. तेव्हापासून या विषयावर लिहिणाऱ्याला तो प्रश्न वगळणे म्हणजे पळपुटेपणा वाटू शकतो. मग बालविवाह येतो, कर्ज येते, दारू येते, आणि एकाच मंदाच्या वाट्याला हे सगळे येते. प्रत्यक्षातही ते येत असेल. तरीही चार-पाच हजार शब्दांच्या कथेत ते मावत नाही. प्रत्येक नवे दुःख आधीच्या दुःखाची जागा खाते आणि वाचकाची सहानुभूती बधिर होत जाते. शस्त्रक्रियेवर लिहायचे असेल तर कथा तिच्यावरच लिहावी, आणि तिथेही आधी निर्णय शोधावा : कामावर न गेल्यास कापला जाणारा खाड्याचा पैसा, अंगावर काढलेले दुखणे, डॉक्टरने घातलेली कॅन्सरची भीती, आणि या सगळ्यांतून एका बाईने घातलेला हिशेब. तो हिशेब तिच्या जागेवरून बरोबर दिसला पाहिजे. वाचकाला ती भोळी वाटली, तर कथा फसली असे समजावे.

शेवट आणि पहिला वाचक

अशा कथांचे दोन शेवट फार सोपे असतात : कोणीतरी येऊन सोडवते, किंवा कोणीतरी मरते. दोन्हींत मंदाने घेतलेल्या निर्णयाचे मोल शून्य होते. तिने डोरले गहाण ठेवून बैल घेतला असेल, तर शेवट त्या बैलातून, त्या डोरल्यातून आणि त्या शाळेतूनच यावा. मुलीला कारखान्याजवळच्या शाळेत प्रवेश मिळाला, आणि दुपारी घरी येऊन धाकट्याला सांभाळता यावे म्हणून ती रोज मधल्या सुट्टीनंतर निघून येते, इथपर्यंत कथा पोहोचली तर तिला आणखी मोठी घटना लागत नाही.

खर्डा पूर्ण झाल्यावर दोन चाचण्या कराव्यात. मंदाच्या जागी पुण्यातली बँक कर्मचारी कल्पून पाहावी. कथा तशीच चालली तर ऊसतोडणी तिथे केवळ पार्श्वभूमीला लावलेली आहे. मग कथा एका वाक्यात सांगून पाहावी. त्या वाक्यात एकही ‘पण’ आला नाही तर हाती माहिती आहे, कथानक नाही. पहिल्या चाचणीत नापास झालेली कथा फडावर परत न्यावी लागते, दुसरीत नापास झालेली पुन्हा टेबलावर.

त्यानंतर तोडणीचे जग आतून ओळखणाऱ्या एखाद्या व्यक्तीला ती वाचायला किंवा ऐकायला द्यावी. ‘कशी वाटली?’ असे विचारू नये, कारण मराठी माणूस समोरच्याला ‘छान आहे’ असेच सांगतो. ‘मंदाने डोरले कोणाकडे गहाण ठेवले असते?’, ‘हे ऐकून तिची जाऊ काय म्हणाली असती?’ असे नेमके प्रश्न विचारावेत. उत्तरात ‘असे होत नाही’ आले तर ते वाक्य बदलावे. ‘असे होते, पण लिहू नये’ असे आले तर घाई करू नये. ते कोणाला का खुपते आहे हे आधी समजून घ्यावे, त्या प्रसंगावरून एखादी खरी व्यक्ती ओळखू येत असेल तर गाव, नाते आणि क्रम बदलावा, आणि तसे नसेल तर प्रसंग ठेवण्याचा अधिकार लेखकाचा आहे. ज्याने वेळ दिला त्याचा रोज बुडाला असेल तर तो भरून द्यावा, आणि कथा छापून आली की अंकाची एक प्रत त्याच्या घरी पोहोचवावी.